स्वतःचा वर्णक्रम अपडेटनंतर गायब होतो त्याबद्दल
एकाने विचारलंय की लिनक्सवर लोकेलडेफने (भाषा-प्रदेशाच्या नियमांचा संच, म्हणजे 'लोकेल', तयार करणारी कमांड) बसवलेला स्वतःचा वर्णक्रम, म्हणजे अक्षरं क्रमाने लावायचे नियम, सिस्टीम अपडेटनंतर गायब का झाला. नुसतं नाव दिलं की लोकेलडेफ तो सामायिक अर्काइव्हमध्ये (सगळी लोकेल्स एकत्र ठेवणारी फाइल) टाकतो, आणि पॅकेज अपडेट होताना ती अर्काइव्ह नव्याने बनू शकते. नावाऐवजी स्लॅशसकट पूर्ण पाथ द्या, म्हणजे वेगळं फोल्डर तयार होईल. ते ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पाथ 'लोकपाथ' (LOCPATH) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्यायचा. मात्र हे व्हेरिएबल सेट असलं की अर्काइव्हकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, त्यामुळे लागणारी बाकीची लोकेल्सही तिथेच ठेवा.

आयकॉन्व्हसाठी (मजकूर एका एन्कोडिंगमधून दुसऱ्यात बदलणारं साधन) स्वतःचं मॉड्यूल टाकलं असेल तर आयकॉन्व्हकॉन्फिग ही कमांड पुन्हा चालवा, नाहीतर जुनी कॅशच वाचली जाते.

खरी डोकेदुखी डेटाबेसची. २०१८ साली ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ मध्ये वर्णक्रमाचे नियम बदलले आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचे मजकुरावरचे जुने इंडेक्स (जुन्या क्रमाने लावलेल्या शोध-सूच्या) चुकीचे ठरले. टेबलमध्ये नोंद असते, पण शोधून सापडत नाही! तुमचे नियम बदललेत तरी हेच होणार. पोस्टग्रेसच्या 'रिफ्रेश व्हर्जन' कमांडने फक्त वर्णक्रमाची आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा थांबतो (हे फार जणांना फसवतं), इंडेक्स दुरुस्त होत नाही. त्यासाठी रीइंडेक्सच करा, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधा.