अवकाशाची कल्पना कॉर्बुझिएच्या आधीची

असं म्हटलं जातं की इमारतीकडे 'स्पेस' म्हणून, म्हणजे भिंतींनी वेढलेला अवकाश म्हणून बघायला ल कॉर्बुझिए आणि मीस व्हान डेर रोह या विसाव्या शतकातल्या आधुनिक वास्तुविशारदांनी शिकवलं. ते मला पटत नाही. त्यांच्या हाती ही कल्पना तयार होऊनच आली होती, आणि ती घडली जर्मन भाषेत.

जर्मन वास्तुविशारद गॉटफ्रीड झेम्परने 1851 मध्ये मांडलं की भिंतीचं मूळ दगडविटांत नाही, विणलेल्या चटईत, टांगलेल्या कापडात आहे. जर्मनमध्ये भिंतीला 'वांड' आणि वस्त्राला 'गेवांड' म्हणतात, हा धागा त्यानेच दाखवला. म्हणजे भिंतीचं पहिलं काम जागा वेढणं. छताचा भार पेलणं नंतरचं.

खरी उडी मात्र 1893 ची. त्या वर्षी लाइपझिगच्या व्याख्यानात आउगुस्ट श्मार्झोने वास्तुकलेचं सार अवकाशाची घडण हेच आहे, असं थेट सांगितलं. तो वास्तुविशारद नव्हे, कलेतिहासकार! त्याची सुरुवात शरीरापासून होते: आपण ताठ उभे राहतो तो उभा अक्ष आणि आपण चालतो ती पुढे जाणारी दिशा. खांब-कमानींच्या शैली मोजत बसलेल्या काळात हे म्हणणं केवढं धाडसाचं!

वास्तुविशारद आडोल्फ लोसने 1898 मध्ये झेम्परचाच धागा उचलला. उबदार, राहण्याजोगी जागा हवी म्हणून आधी गालिचे, आणि ते धरून ठेवायला मग सांगाडा. प्राग शहरातलं त्याचं म्यूलर घर (1930) बघा. दिवाणखान्यातून काही पायऱ्या चढल्या की जेवणघर, तिथलं छत बुटकं, आणि मध्ये भिंतच नाही. बसलेल्या माणसाला पुरेल एवढीच उंची. श्मार्झोचं शरीर मला तिथे दिसतं.