वेतनातील अतिप्रदान (चुकून जास्त दिली गेलेली रक्कम) परत करावे लागले, त्याचे अनुभव

सांजवेळ
आज जुनी कागदपत्रे लावताना सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी भरून दिलेले, जादा रक्कम मिळाल्यास परत करण्याचे हमीपत्र सापडले आणि निवृत्तीचा तो महिना डोळ्यांपुढे उभा राहिला. कार्यालयाने वेतननिश्चितीत, म्हणजे नवे वेतन ठरवताना, एक वेतनवाढ जास्त धरली होती आणि ती चूक, माझे सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेले तेव्हा कुठे उघडकीस आली. पानाच्या कडेला लाल शाईत "अतिप्रदान वसूल करावे" एवढाच शेरा होता. रक्कम उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) कापली गेली, त्याचे दुःख ओसरले. परंतु जे मी मागितलेच नव्हते ते मी लाटले असे सहकाऱ्यांसमोर बोलले गेले, ते अजून सलते. कोणावर अशी वेळ आली असल्यास अवश्य लिहावे.

पाऊलखुणा
माझी नोकरी खासगी. राजीनाम्यानंतरही एक पूर्ण पगार खात्यात जमा झाला, मी स्वतःहून कळवले, तर करकपातीपूर्वीची रक्कम परत मागण्यात आली. जे हातात पडलेच नाही ते कोठून देणार? आर्थिक वर्ष संपलेले नसल्याने कराचा हिशेब कंपनीलाच दुरुस्त करता येतो, हे तीन ईमेल लिहून पटवावे लागले. मार्च उलटला असता तर हेच फार किचकट झाले असते. पैसे भरल्याची पोच घ्यावी आणि करकपातीच्या वार्षिक प्रमाणपत्रात (माझ्या वेळी फॉर्म १६) ती रक्कम वगळली आहे ना, हे पाहावे.

कलम_दवात
सांजवेळताई, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रफिक मसीह प्रकरणात वर्ग ३ व ४ चे (लिपिक, शिपाई अशा पदांवरील) कर्मचारी, निवृत्त झालेले वा वर्षभरात होणारे, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले जादा प्रदान, अशा प्रसंगी वसुली करता येणार नाही असे म्हटले. माझे वडील शिपाई होते; हा निकाल जोडून अर्ज केल्यावर त्यांची वसुली थांबली, मात्र निवृत्तिवेतन सात महिने रखडले. २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात मात्र हमीपत्र दिलेल्या अधिकाऱ्याला निवृत्तीचे संरक्षण मिळाले नाही, केवळ रक्कम दोन वर्षांत हप्त्यांनी भरण्याची सवलत मिळाली. तुमचे हमीपत्र त्यामुळेच नीट वाचायला हवे.

चाफेकळी
मी आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवा-वेतनाचे काम पाहणाऱ्या शाखेत, होते. मुदत गाठण्यासाठी आम्ही दोघींनी शेकडो निश्चिती हाताने केल्या आणि एका शिपाई मामांच्या बाबतीत माझ्याच हातून चूक झाली. मी महिनावार तक्ता घेऊन त्यांच्याकडे गेले आणि क्षमा मागितली. "बाई, हिशेब दाखवलात, आता झोप तरी लागेल," असे ते म्हणाले. सांजवेळताई, तुमच्या वसुलीच्या पत्रासोबत असा तक्ता होता का?

सांजवेळ
नव्हता, एकच आकडा होता. महिनावार हिशेब मागणारा अर्ज आजच लिहायला घेते.