ल्युकेमियाच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या डोळ्याचा पडदा तपासावा का?

माणदेशी:

माझा थोरला भाऊ एका पतसंस्थेत हिशेब लिहितो. गेल्या आषाढात त्याला खतावणीतले आकडे मधूनच पुसल्यासारखे दिसू लागले. ४,८५० मधला आठ गायब व्हायचा आणि मान थोडी वळवली की पुन्हा जागेवर यायचा. चष्म्याच्या दुकानात नंबर वाढवून मिळाला, पण फरक पडला नाही. तीन आठवड्यांनी तालुक्याच्या गावी नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर रक्तस्रावाचे डाग होते, त्यांतल्या काहींच्या मधोमध पांढरा ठिपका होता आणि शिरा फुगून नागमोडी झाल्या होत्या. साखर आणि रक्तदाब दोन्ही ठीक असल्यामुळे त्यांनी त्याच दिवशी रक्त तपासायला लावले. पांढऱ्या पेशी २ लाख ८० हजार निघाल्या. निरोगी माणसात त्या साधारण ४ ते ११ हजार असतात. दोन घासांत पोट भरते ही त्याची जुनी तक्रार आम्ही पित्तावर ढकलली होती, ती वाढलेल्या प्लीहेमुळे होती. निदान क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या हळू वाढणाऱ्या एका प्रकाराचे झाले.

वॉर्डात त्याच्या शेजारच्या खाटेवर तीव्र, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या ल्युकेमियाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे आठ दिवसांपासून अंधार होता. अशक्तपणामुळे होत असेल असे समजून ते बोलले नाहीत आणि त्यांना कोणी विचारलेही नाही. माझे मत असे की, तक्रार असो वा नसो, ल्युकेमियाच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचा पडदा निदानानंतर लगेच, शक्यतो केमो सुरू होण्यापूर्वी, नेत्रतज्ज्ञांनी पाहिलाच पाहिजे.

आठवा मजला:

मी रक्तविकार विभागात काम करतो आणि माझे मत याच्या विरुद्ध आहे. आपल्या भावाच्या उदाहरणातून सिद्ध होते ते एवढेच, की पडद्यावर असे डाग दिसले आणि मधुमेह वा रक्तदाब नसला, तर रक्त तपासावे. रक्ताचे निदान झालेल्या प्रत्येकाचा पडदा पाहावा, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

तीव्र ल्युकेमियाच्या पहिल्या दोन दिवसांत काय चाललेले असते ते पाहा. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट १० हजारांच्या खाली, जंतूंशी लढणाऱ्या पेशी जवळजवळ नाहीत, आणि अशा माणसाला चाकाच्या खुर्चीवरून नेत्रविभागाच्या रांगेत, डोळे आलेल्या रुग्णांच्या शेजारी दोन तास बसवायचे? दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. या रुग्णांना मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते आणि तो झाला की नाही हे रात्री दोन वाजता सिस्टर बॅटरीच्या उजेडात बाहुली आकुंचन पावते का यावरून ओळखतात. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा परिणाम चार ते सहा तास, कधी त्याहून जास्त टिकतो, म्हणजे तेवढा वेळ आपण स्वतःच ती खूण पुसून टाकतो. शिवाय पडद्यावरचे बहुतेक डाग रक्तक्षय, प्लेटलेटची कमतरता किंवा रक्ताचा दाटपणा यांमुळे आलेले असतात आणि आजार आटोक्यात आला की काही आठवड्यांत आपोआप विरतात. त्यांच्यासाठी डोळ्यावर उपचार करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

नेत्रपल्लवी:

मी नेत्रशल्यचिकित्सक आहे. रुग्णाला रांगेत बसवू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यासाठी तपासणी टाळण्याची गरज नाही, नेत्रतज्ज्ञाने खाटेपाशी जावे. डोक्यावर बांधायचे उपकरण आणि हातातले भिंग एवढ्यावर पडदा पाच मिनिटांत पाहता येतो. थेंब किती वाजता घातले हे केसपेपरवर ठळक लिहायचे आणि सिस्टरांना तोंडीही सांगायचे, म्हणजे बाहुलीबद्दल गैरसमज होत नाही.

डाग विरतात, हे खरे. परंतु पडद्यावर केवळ डागच असतात असे नाही. ल्युकेमियाच्या पेशी दृष्टीच्या मज्जातंतूत शिरल्या असतील, तर त्याचे टोक सुजलेले दिसते, आणि तेव्हा मेंदूचा एमआरआय, पाठीच्या कण्यातून द्यायची औषधे आणि कधी तातडीचे रेडिएशन, असा सगळा उपचारच बदलतो. तिथे दिवस वाया गेले तर गेलेली नजर परत येईलच असे नाही. पेशी डोळ्याच्या पुढच्या भागात साचल्या, तर ते पू असल्यासारखे दिसते आणि रुग्णावर जंतुसंसर्गाचे उपचार होत राहतात.

आणखी एक कारण आहे, ज्याचा विचार सहसा होत नाही. केमोनंतर तिसऱ्या आठवड्यात रुग्णाला ताप येतो, रक्तात कॅंडिडा ही बुरशी सापडते आणि मला बोलावणे येते. पडद्यावर पांढरे ठिपके असतात. ते बुरशीचे की ल्युकेमियाचे जुने, हे ठरवायला पहिल्या आठवड्यातले चित्र हाताशी असते, तर किती बरे झाले असते, हे मी अनेकदा अनुभवले आहे. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण तयार केले आणि पुढच्या दशकात लीब्राइख यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पडद्यावरील बदलांचे वर्णन केले. इतक्या जुन्या ज्ञानाचा उपयोग आपण रुग्णाने तक्रार करेपर्यंत थांबवून ठेवावा, हे मला पटत नाही, विशेषतः हे बदल लहान मुलांपेक्षा प्रौढांत अधिक आढळत असताना.

आठवा मजला:

बुरशीचा मुद्दा वजनदार आहे आणि त्याचा मी पुरेसा विचार केला नव्हता. तरीही सगळ्यांना एकच नियम लावण्यास माझा विरोध कायम आहे. तपासणीला कोणी आले नाही म्हणून केमो एक दिवस लांबली, असे कुठेही होता कामा नये. तीव्र ल्युकेमियाच्या प्रोमायलोसायटिक या प्रकारात तर नुसता संशय आला तरी औषध त्याच दिवशी सुरू करावे लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञ रोज मिळेलच असे नाही. त्यापेक्षा दाखल होताना प्रत्येक रुग्णाला एकेक डोळा तळहाताने झाकायला सांगून समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला लावावे. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची गेलेली नजर माणसाच्या लक्षातच येत नाही. त्या शेजारच्या गृहस्थांना कोणी विचारले नाही, ही आमच्यासारख्यांची चूक आहे, आणि ती सुधारायला यंत्र लागत नाही.

शेवंती:

चार वर्षांपूर्वी मला तीव्र मायलॉइड ल्युकेमिया झाला आणि नंतर भावाच्या पेशींनी प्रत्यारोपण झाले. आपण तिघेही पहिल्या आठवड्याबद्दल बोलत आहात, माझ्या डोळ्यांचे हाल त्यानंतर झाले. सायटाराबिन या केमोच्या औषधाचा मोठा डोस चालू असताना दर सहा तासांनी स्टिरॉइडचे थेंब घालायचे असतात, कारण ते औषध अश्रूंत उतरते आणि बुबुळाला इजा करते. एका रात्री माझा एक डोस राहिला आणि सकाळी खिडकीचा पडदा उघडताच डोळ्यांत मिरची गेल्यासारखे झाले.

प्रत्यारोपणानंतर आठव्या महिन्यात डोळे कोरडे पडले. भावाच्या पेशी माझ्या अश्रुग्रंथींवर उलटल्या होत्या. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती ओली होते ते मोजतात. माझी दोन मिलिमीटर ओली झाली, पाचच्या खाली गेली तरी कोरडेपणा तीव्र समजतात. ‘संगणकामुळे होते’ असे सांगून मला तीन महिने साधे थेंब देण्यात आले होते. पहिल्या दिवशी पडदा पाहून नेत्रविभाग निघून जाणार असेल, तर त्या नियमाने माझ्यासारखीचे काहीही भले होत नाही. नेत्रतज्ज्ञाचे नाव केसपेपरवर शेवटपर्यंत हवे.

नेत्रपल्लवी:

शेवंतीताई, पहिल्या तपासणीचा आग्रह मी धरते तो याचसाठीही, की तिथून रुग्णाची आमच्याकडे नोंद सुरू होते. प्रत्यारोपण, दीर्घकाळचे स्टिरॉइड, संपूर्ण शरीरावरचे रेडिएशन, यांतील प्रत्येकानंतर कोरडेपणा, मोतीबिंदू किंवा काचबिंदू यांसाठी ठरावीक काळाने बोलावणे हे आमचे काम आहे.

माणदेशी:

‘केमोपूर्वी’ ही माझी अट मी मागे घेतो. ‘पहिल्या आठवड्यात, खाटेपाशी’ असे म्हणतो. दादा आता इमॅटिनिबच्या गोळ्या घेतो. डाग विरले आहेत, उजव्या डोळ्याने बारीक अक्षर अजून अडखळत दिसते. मध्यंतरी सकाळी पापण्या सुजायच्या, तेव्हा डोळा पुन्हा बिघडतो आहे या भीतीने त्याने चार दिवस गोळी बंद केली होती. ही सूज गोळीमुळे येते, हे त्याला आधी कोणी सांगितले नव्हते.

आठवा मजला:

सूज आली तरी गोळी स्वतःहून बंद करू नये, हे त्यांना कृपया पुन्हा सांगा. औषधात खंड पडला तर आजार उलटण्याचा धोका असतो. आठवड्याच्या अटीला माझी हरकत राहिलेली नाही, मात्र ‘प्रत्येक’ या शब्दाला आहे. नेहमीच्या रक्ततपासणीत योगायोगाने सापडलेला, औषधाविना नुसत्या देखरेखीवर ठेवलेला क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाचा सत्तरीतला रुग्ण एकेक डोळा झाकून नीट वाचत असेल, तर त्याचा पडदा पहिल्याच आठवड्यात पाहण्याची घाई मी करणार नाही.