'प्रोग्नॉस्टिक मार्कर'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादक: अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय आहे व्हेंटिलेटरजन्य न्यूमोनिया. प्रोकॅल्सिटोनिन, सीआरपी हे संसर्ग किंवा दाह झाला की रक्तात वाढणारे घटक; त्यांच्या तपासण्यांवरून रुग्ण कितपत सावरेल याचा अंदाज बांधतात, म्हणून ते 'प्रोग्नॉस्टिक मार्कर'. मी 'भाकीतदर्शक' लिहिलं होतं, तपासणाऱ्या डॉक्टरांनी 'निर्देशांक' केलं. निर्देशांक म्हटलं की मला शेअर बाजारच आठवतो. काय ठेवू?

शब्दवेडा: भाकीत नकोच. 'भाक दिली' म्हणजे शब्द दिला, 'करुणा भाकली'मध्येही तोच भाक असावा, असा माझा तर्क. रक्तातला आकडा कुणाला शब्द देत नाही! आयुर्वेदात रोगाच्या भवितव्याला 'साध्यासाध्यता' म्हणतात आणि मरणाची चाहूल देणाऱ्या लक्षणांना 'अरिष्ट'. घरचे शब्द असताना बाहेर कशाला जायचं?

परिचारिका: दारात ताटकळणाऱ्या माणसाच्या हातात 'अरिष्ट' शब्दाचा कागद द्यायचा? मी देणार नाही. वॉर्डात आम्ही 'मार्कर खाली येतोय' म्हणतो, दोन दिवसांत नातेवाईकही तेच म्हणू लागतात. शिवाय एकट्या आकड्यावर काही ठरत नाही. उपचार सुरू झाल्यावर प्रोकॅल्सिटोनिन दिवसागणिक उतरत गेलं तर बरं, चढंच राहिलं तर काळजी. सीआरपी तर नुसत्या शस्त्रक्रियेनंतरही वाढतं. दुखण्याला 'उतार पडला' म्हणतोच ना आपण? मग 'उताराची खूण' लिहा.

शब्दवेडा: खूण फार ढोबळ. आणि चढ दिसला तर तीच 'उताराची खूण' कशी? शास्त्राला काटेकोर शब्द लागतो, 'सूचक' तरी घ्या.

जुना वाचक: मला 'व्हेंटिलेटरजन्य' जास्त खुपतंय. आमच्या काकांच्या वेळी हाच शब्द वाचून घरच्यांनी यंत्र काढायचा हट्ट धरला होता. श्वासनलिकेत नळी असली की नीट खोकता येत नाही, घशातला स्राव नळीच्या कडेने खाली फुफ्फुसात झिरपतो आणि संसर्ग होतो. 'जन्य' म्हटलं की सगळा दोष यंत्रावर जातो.

शब्दवेडा: मग 'संलग्न'?

जुना वाचक: संलग्न महाविद्यालयं असतात, आजार नव्हे.

परिचारिका: नळी घातल्यावर निदान ४८ तास उलटून झालेल्या न्यूमोनियालाच हे नाव देतात. तेवढं आलं तरी पुष्कळ.

अनुवादक: 'व्हेंटिलेटरवर असताना होणारा न्यूमोनिया' करते. लांब आहे, पण कुणी यंत्र काढा म्हणणार नाही. मार्करचं मात्र अजून अडलंय.

शब्दवेडा: सूचक. 'अशुभसूचक' म्हणतोच की आपण.

परिचारिका: म्हणूनच तो नको.