पुट्टीत एफ२ दाबलं की [१२~ उमटतं, टर्मिनल टाइप काय ठेवू?

अंबड_स्टोअर:
नमस्कार, मी अंबड एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला आहे. आमचा आवक-जावकचा प्रोग्राम एससीओ युनिक्स या जुन्या सिस्टीमच्या सर्व्हरवर आहे, टेलनेटने म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करतो. माझा पीसी मागच्या आठवड्यात गेला, नव्यावर पुट्टी (सर्व्हरला जोडणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, लॉगिन होतं पण एफ२ ने चलान सेव्हच होत नाही, उलट नगाच्या रकान्यात [१२~ असं येतं आणि चौकटीच्या आडव्या रेघेच्या जागी डोक्यावर दोन टिंबं असलेला इंग्रजी ए रांगेने दिसतो. टर्मिनल टाइप एक्सटर्म होता, व्हीटी१०० केला, व्हीटी२२० केला, काही फरक नाही. गेटवर गाड्या खोळंबतात हो, मी हाताने चलानं लिहितेय. प्लीज सांगा कोणीतरी.

सातपूरकर:
ताई, लॉगिन झाल्यावर सर्व्हरवरचं टर्म हे सेटिंग व्हीटी१०० करून एक्स्पोर्ट मारून बघा, आमच्या लिनक्सवर तेवढ्यानेच स्क्रीन सुधारली होती.

पंचवटी_अ‍ॅडमिन:
भाऊ, ते लिनक्सला ठीक, इथे नाही चालणार. ताई, टर्मिनल टाइप हे पुट्टी सर्व्हरला सांगतं ते नुसतं नाव, ते बदललं म्हणून बटणांचे कोड बदलत नाहीत, आणि लोक दिवसभर नावंच बदलत बसतात. पुट्टीचं एफ२ मुळात एस्केप आणि मग [१२~ पाठवतं, एससीओला हवं असतं एस्केप आणि [एन, म्हणून प्रोग्रामला ते एफ२ वाटतच नाही, तो उरलेली अक्षरं रकान्यात टाकतो.

आधी तुमचं सेशन लोड करा. मग कनेक्शनखाली डेटा, तिथे टर्मिनल टाइप एससीओअ‍ॅन्सी, लहान अक्षरात, सलग. सर्व्हर ते नाव ओळखत नसेल तर नुसतं अ‍ॅन्सी. मग टर्मिनलखाली कीबोर्ड, फंक्शन कीजमध्ये एससीओ निवडा, खरं काम इथेच आहे. रेघांसाठी विंडोखाली ट्रान्सलेशन, तिथे सीपी४३७ हा अक्षरांचा तक्ता निवडा. तुमचा तो टिंबांचा ए म्हणजे १९६ नंबरचं अक्षर, सीपी४३७ मध्ये त्याच नंबरला आडवी रेघ आहे, सर्व्हर बरोबरच पाठवतोय. आणि हे सगळं झाल्यावर परत सेशनच्या पानावर येऊन सेव्ह दाबा, नाहीतर उद्या सकाळी पुन्हा तेच रडगाणं. लॉगिननंतर टर्म विचारून कंसात अ‍ॅन्सी दाखवलं तर सरळ एंटर मारा, व्हीटी१०० टाकू नका.

अंबड_स्टोअर:
दादा एफ२ चाललं!! रेघा पण एकदम सरळ आल्या. पण आता एक अंक चुकला म्हणून बॅकस्पेस दाबलं तर अख्खा प्रोग्रामच बंद होऊन युनिक्सच्या डॉलर चिन्हावर आला, अर्धं चलान गेलं.

पंचवटी_अ‍ॅडमिन:
अरेरे, ते आधीच सांगायला हवं होतं. पुट्टीचं बॅकस्पेस १२७ नंबर पाठवतं, म्हणजे डिलीट, आणि एससीओवर डिलीट म्हणजे चालू काम तोडायची की. त्याच कीबोर्डच्या पानावर सगळ्यात वर बॅकस्पेस आहे, तिथे कंट्रोल-एच करा, परत सेव्ह.

अंबड_स्टोअर:
झालं दादा, आत्ता सात चलानं काढली. खूप खूप आभार. शेजारच्या टेबलवर पण हेच करू का?

पंचवटी_अ‍ॅडमिन:
सगळं परत भरू नका. सेव्ह केलेली सेशन्स विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या साठ्यात असतात, ती रेजएडिटने उघडा, करंट यूजरमध्ये सॉफ्टवेअर, त्यात सायमन टॅथम, त्यात पुट्टी. तेवढं एक्स्पोर्ट करून ती फाइल शेजारच्या पीसीवर डबल क्लिक करा, आणि एक कॉपी पेनड्राइव्हवर ठेवा.