2014 मधील शिक्षेची नोंद चारित्र्य पडताळणीत येते. ती कायमची काढता येते का?

त्रिमूर्ती चौककर (प्रश्न)

नमस्कार. सप्टेंबर 2011 मध्ये विसर्जनाच्या रात्री, नाशिकच्या सिडकोतील आमच्या गल्लीतून आधी कोणाचे ढोलपथक पुढे जायचे यावरून दोन मंडळांच्या मुलांत हाणामारी झाली. समोरच्या मंडळातील एका काकांचा ओठ फुटला आणि त्यांच्या फिर्यादीवरून माझ्यावर व माझ्या एका मित्रावर भारतीय दंड संहितेच्या कलम 341, 323, 504 व 34 अन्वये गुन्हा दाखल झाला. मी तेव्हा नुकताच बारावी झालो होतो. पुढे तीन वर्षे तारखांवर तारखा पडत राहिल्या आणि प्रत्येक तारखेला कामावर खाडा होत गेला. 2014 मध्ये न्यायालयाच्या आवारात एकाने सांगितले की, "गुन्हा कबूल म्हणून टाक, दंड भर आणि मोकळा हो." मी तसे केले. न्यायालय उठेपर्यंत कैद आणि 800 रुपये दंड झाला. संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसलो, दंडाची पावती खिशात घातली आणि विषय संपला असे धरून चाललो.

मित्राने मात्र गुन्हा कबूल केला नाही. साक्षीदार आले नाहीत म्हणून 2017 मध्ये तो निर्दोष सुटला. त्याच्या पडताळणीत आज काही अडत नाही.

मी गेली दहा वर्षे अंबड औद्योगिक वसाहतीत फिटर आहे. आता एका मोठ्या कारखान्यात निवड झाली असून त्यांनी पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागितले, आणि त्यावर या शिक्षेचा उल्लेख आला आहे. रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली आहे. दरम्यान ओळखीतून एक गृहस्थ भेटले. ते म्हणतात की 25,000 रुपयांत ते "रेकॉर्ड साफ" करून देतील. दहा वर्षांनी अशी नोंद आपोआप निघून जाते असेही काही जण सांगतात. यातले खरे काय आणि मी नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पंचवटीकर

त्या 25,000 वाल्या गृहस्थांना आधी हात जोडा. पोलिसांच्या संगणकातील आणि न्यायालयाच्या नोंदवहीतील मजकूर बाहेरचा माणूस कायदेशीर मार्गाने खोडू शकत नाही. त्याने खरोखर काही केलेच, तर तो शासकीय अभिलेखात केलेला फेरफार ठरेल आणि आज ओठ फुटल्याच्या प्रकरणात असलेले तुमचे नाव उद्या बनावट कागदपत्रांच्या प्रकरणात येईल. काही केले नाही तर पैसे गेले. दुसरी शक्यता जास्त वाटते.

काळा कोट, नाशिक रोड

प्रथम गैरसमज दूर करतो. प्रौढ व्यक्तीची दोषसिद्धी ठरावीक वर्षांनी आपोआप पुसली जाईल अशी सर्वसाधारण तरतूद आपल्या कायद्यात नाही. इंग्लंडमध्ये 1974 च्या कायद्याने बऱ्याच शिक्षा काही काळानंतर "संपल्या" असे मानले जाते, आणि चित्रपट-मालिका पाहून आपल्याकडेही तसे काही असावे अशी समजूत होते. आपल्याकडे काही अपात्रतांना वर्षांची मर्यादा आहे, पण तो वेगळा मुद्दा. उदाहरणार्थ, पारपत्र कायदा 1967 च्या कलम 6 नुसार मागील पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षे कैद झाली असेल तर पारपत्र नाकारता येते. तुम्ही त्या कलमाच्या आसपासही नाही. मात्र पाच वर्षांनी पारपत्र मिळाले म्हणून मूळ शिक्षा नाहीशी होत नाही.

म्हणजे नोंद खोडण्याचा अर्ज असा काही नसतो. ज्या आदेशामुळे ती नोंद झाली तो आदेश वरच्या न्यायालयाकडून बदलून घ्यावा लागतो, आणि मग नोंद त्याच्यामागोमाग बदलते.

सर्वांत आधी एक विचारतो: घटनेच्या दिवशी तुमचे वय नेमके किती होते? "नुकताच बारावी" म्हणजे सतराही असू शकते आणि अठराही. अठरा वर्षे पूर्ण झालेली नसतील तर प्रकरणाचे रूपच पालटते. घटनेच्या दिवशी आपण बालक होतो हा दावा कोणत्याही न्यायालयापुढे, कोणत्याही टप्प्यावर, अगदी खटला अंतिमतः निकाली निघाल्यावरही करता येतो; बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 9 मध्ये तशी स्पष्ट सोय आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 24 नुसार बालकाला दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर ते अभिलेख नष्ट करायचे असतात. "रेकॉर्ड साफ" हे शब्द ज्याला खरोखर लागू पडतात असा आपल्या कायद्यातील मार्ग हाच. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहून लगेच कळवा.

त्रिमूर्ती चौककर

दाखला काढून पाहिला. जन्म जून 1993 चा. विसर्जनाच्या रात्री अठरा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "शाळेत नाव घालताना मास्तर वर्ष पुढे टाकू का म्हणून विचारत होते, मीच नको म्हणाले."

काळा कोट, नाशिक रोड

आईंनी योग्यच केले. मग तो रस्ता बंद. आता तुमच्या कलमांकडे पाहू, कारण खरी आशा तिथे आहे.

कलम 341, 323 आणि 504 हे तिन्ही गुन्हे आपसात मिटवता येण्याजोगे आहेत. तडजोड मान्य झाली की तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेइतकाच असतो, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम 320 मध्ये म्हटले होते आणि तेच आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये आहे. लोकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की, शिक्षा झाल्यानंतरसुद्धा, प्रकरण अपिलात किंवा पुनरीक्षणात (म्हणजे खालच्या न्यायालयाचा आदेश योग्य होता का, हे वरच्या न्यायालयाने तपासणे) सत्र न्यायालयापुढे आले तर त्या न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता येते. त्यामुळे ज्यांचा ओठ फुटला ते काका आज हयात आहेत का, ते कुठे राहतात आणि तुमच्याशी बोलतात का, हा प्रश्न बाकी सगळ्या कायदेशीर मुद्द्यांपेक्षा मोठा आहे.

दुसरा मुद्दा तुमच्या कबुलीचा. गुन्हा कबूल केल्यावर झालेल्या शिक्षेविरुद्ध सहसा अपील चालत नाही. फक्त शिक्षेचे प्रमाण किंवा कायदेशीरपणा यावर दाद मागता येते. परंतु कबुली आरोपीने वापरलेल्या शब्दांत, शक्य तितकी जशीच्या तशी नोंदवावी असा कायद्याचा दंडक आहे (जुने कलम 252, नवे 275). छापील कागदावर नुसते "होय" लिहून सही घेतली असेल, तर ती कबुली समजून-उमजून दिली होती का, हा प्रश्न पुनरीक्षण अर्जात उपस्थित करता येतो.

अडचण आहे ती विलंबाची. पुनरीक्षणाची मुदत 90 दिवसांची आणि तुम्हाला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल, त्यात कारण प्रामाणिकपणे मांडावे लागेल, आणि तो फेटाळला जाण्याची शक्यता खरी आहे. फिर्यादी स्वतः तडजोडीला उभा राहिला तर न्यायालयाचा कल बदलू शकतो. खात्री मात्र कोणीच देऊ नये, मीही देत नाही.

तडजोड झालीच नाही, तर परिवीक्षेची मागणी करता येते. अपराधी परिवीक्षा अधिनियम 1958 खाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा आदेश पुनरीक्षणातही होऊ शकतो, आणि कलम 12 मुळे दोषसिद्धीला जोडलेली अपात्रता लागू होत नाही. त्याने दोषसिद्धी मात्र राहते. सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये बक्षी राम प्रकरणात हेच सांगितले की, परिवीक्षा मिळाली म्हणून गैरवर्तनाचा डाग धुतला जात नाही आणि खातेनिहाय कारवाई होऊ शकते. म्हणून मी परिवीक्षा दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

निवृत्त कारकून

वकीलसाहेबांनी कायदा नीट सांगितला. मी बत्तीस वर्षे न्यायालयाच्या दप्तरात काढली, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. आज-उद्या, कोणत्याही अर्जाचा विचार करण्याआधी, सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयाच्या आवारात जाऊन नकला मागा. न्यायनिर्णयाची, रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला काय झाले त्याच्या नोंदीची) आणि ज्या कागदावर तुमची कबुली लिहिली आहे त्याची, अशा तिन्हींच्या सही-शिक्क्याच्या नकला घ्या. खटला क्रमांक आठवत नसेल तर दंडाच्या पावतीवर असतो. पावती नसेल तर ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते, मात्र नावाचे स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून पाहा, कारण नोंद करणाऱ्याने तुमच्या आडनावाचे काय केले असेल ते सांगता येत नाही.

घाई करण्याचे कारण असे. फौजदारी प्रकरणाच्या संचिका कायम राहत नाहीत. ठरावीक मुदती संपल्या की अभिलेख कक्षातील बस्ते सोडले जातात आणि त्यातले कागद नाशनासाठी निघतात. "दहा वर्षांनी नोंद जाते" ही समजूत बहुधा इथूनच आली असावी. कागद गेले तरी शिक्षा जात नाही. नोंदवहीत व पोलिसांकडे ती राहतेच. उलट ज्या कागदाच्या आधारे तुम्ही ती शिक्षा उलटवणार होता तो कागदच हातचा जातो. एक माणूस मला आठवतो, संचिका नष्ट झाल्याचा शेरा वाचून त्याला आनंद झाला होता. त्याला खाली बसवून समजावावे लागले.

दुसरे, वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. 1987 च्या कायद्याप्रमाणे मोफत विधी सहाय्य मिळणाऱ्यांत स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांच्याबरोबर औद्योगिक कामगारही आहेत. तुम्ही फिटर आहात. कारखान्याचे ओळखपत्र घेऊन जा. 15100 हा त्यांचा मदत क्रमांक.

कार्मिक विभाग, सातपूर

मी एका कारखान्यात भरतीचे काम पाहते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. दादा, न्यायालयाचे जे व्हायचे ते सावकाश होईल. तुमची रुजू होण्याची तारीख त्यासाठी थांबणार नाही. तेव्हा कारखान्याला आजच एक पानी पत्र द्या. घटना काय होती, कलमे कोणती, शिक्षा कोणती, त्यानंतर कोणताही गुन्हा नाही, सध्याच्या ठिकाणी दहा वर्षे सेवा झाली आहे, एवढेच लिहा आणि न्यायनिर्णयाची नक्कल जोडा. "दोषसिद्ध" हा शब्द एकटा वाचला की आमच्याकडे चोरी किंवा अपहार डोळ्यांपुढे येतो. विसर्जनातली हाणामारी आणि न्यायालय उठेपर्यंतची कैद असे वाचल्यावर निदान आमचे साहेब तरी कागद बाजूला ठेवून चहा मागवतील.

लपवू मात्र नका. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात स्पष्ट केले की, उमेदवाराने खरी माहिती दिली असेल तरीही नियोक्ता पूर्वचारित्र्याचा विचार करू शकतो; पण तरुण वयातील किरकोळ स्वरूपाच्या प्रकरणात, माहिती दडवली गेली असली तरी, ती चूक माफ करण्याचा अधिकार नियोक्त्याला आहे. तो निकाल सरकारी नोकरीसंबंधी आहे आणि खासगी कारखान्यावर तसाच्या तसा बांधील नाही, तरी आमच्यासारखे लोक तो वाचून असतात.

अर्जातील प्रश्नही नीट वाचा. "कधी गुन्हा दाखल झाला होता का", "अटक झाली होती का", "शिक्षा झाली का" आणि "खटला प्रलंबित आहे का" हे चार वेगळे प्रश्न आहेत. उद्या तडजोड होऊन तुम्ही निर्दोष ठरलात तरी पहिल्याचे उत्तर "होय" असेच राहील. तिसऱ्याचे बदलेल.

काळा कोट, नाशिक रोड

ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहितो. आदेश बदलला तरी पोलिसांच्या संगणकप्रणालीत तो आपणहून दिसेल असे गृहीत धरू नका. नव्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल संबंधित पोलीस ठाण्यात आणि आयुक्तालयाच्या विशेष शाखेत लेखी अर्जासह द्या, पोच घ्या, आणि मगच नव्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

त्रिमूर्ती चौककर

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण नकला आल्यावरच लिहायचे ठरवले होते.

संचिका शाबूत निघाली. कबुलीचा कागद छापील आहे. कलमांचे आकडे निळ्या शाईने भरलेले, "गुन्हा कबूल आहे का" यापुढे काळ्या शाईत "होय", आणि खाली माझी सही, तीही थरथरलेली. माझ्या तोंडचे एकही वाक्य त्यात नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाल्या आहेत. विलंब माफीचा अर्ज आणि पुनरीक्षण अर्ज त्या तयार करत आहेत. कारखान्याला पत्र दिले, त्यांनी महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो असे तोंडी सांगितले आहे. 25,000 वाल्या गृहस्थांचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत.

काकांकडे मी एकटा गेलो नाही, वडिलांना घेऊन गेलो. त्यांना प्रकरण आठवत होते, पण मला शिक्षा झाली हे माहीत नव्हते. ते समजत होते की सगळेच 2017 मध्ये सुटले. तडजोडीच्या कागदावर सही करायला ते तयार आहेत. फक्त गुडघ्यांचा त्रास असल्यामुळे न्यायालयात नेण्या-आणण्याची रिक्षा मी करायची, आणि तारीख गणपतीच्या दहा दिवसांत आली तर पुढची मागून घ्यायची, असे त्यांनी बजावले आहे. वकीलबाईंना तसे कळवले आहे.