चर्चा: हृदयविकार टाळण्यात आहाराचा वाटा नेमका किती?

समीप

‘खाण्यापिण्याकडे लक्ष द्या, हृदय ठणठणीत राहील’ हे आपण इतक्या सहज बोलतो की त्यामागचे आकडे विचारायचं कुणाला सुचत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. आहाराचा उपयोग आहेच, पण त्याला पहिल्या नंबरावर बसवल्यामुळे लोक उशिरा सावध होतात. पहिला नंबर तंबाखूचा, मग रक्तदाब, मग एलडीएल, म्हणजे रोहिण्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल. शेवटचे दोन मोजल्याशिवाय कळत नाहीत. ‘मी व्यवस्थित खातो’ म्हणणाऱ्याला तर मोजायची गरजच वाटत नाही.

आहाराची ताकद किती ते बघू. टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोयाचं प्रथिन, बदाम, चिकट तंतू असलेले पदार्थ (ओट, बार्ली, इसबगोल) आणि वनस्पती स्टेरॉल (कोलेस्टेरॉल शोषलं जाऊ न देणारा वनस्पतींतला घटक) हे सगळं एकाच आहारात बसवलं आणि खाणं संशोधकांनीच पुरवलं. चार आठवड्यांत एलडीएल जवळपास २९ टक्क्यांनी उतरलं. तुलनेसाठी ज्यांना स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाची गोळी दिली होती त्यांचं ३१ टक्क्यांनी. निकाल जबरदस्त होता. पुढे २०११ साली त्यांनी तोच आहार लोकांना फक्त समजावून सांगितला, खरेदी आणि स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. सहा महिन्यांनी घट उरली १३-१४ टक्के. या दोन आकड्यांमधलं अंतर हाच माझा मुद्दा आहे.

एलडीएल १९०च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वर असेल तर आनुवंशिक दोषाची शंका घ्यायलाच हवी. साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला तो असतो. लायपोप्रोटीन-ए नावाचा रक्तातला आणखी एक घटक आहे, धोका वाढवणारा, तो आयुष्यात एकदा तपासला तरी पुरतो, आणि आहाराने तो जवळजवळ हलतच नाही. अशा माणसाला दोन वर्षं ताट सुधारत बसायला सांगणं म्हणजे त्याची दोन वर्षं वाया घालवणं.

केतकी

समीप, आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही ते उलट्या बाजूने वाचताय. १३ टक्के कमी वाटतात? स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली की एलडीएल आणखी फक्त सहाएक टक्क्यांनी उतरतं. म्हणजे घरच्या स्वयंपाकातून मिळालेले हे १३ टक्के मात्रा दोनदा दुप्पट करण्याइतके झाले. गोळी चालू असलेल्यालाही ते वरून मिळतात.

दुसरं म्हणजे काळ. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली आला. सरासरी वय २२, आणि ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांत रोगाच्या खुणा. आजार पन्नाशीत दिसतो, पण सुरू विशीत होतो. २००६ साली पीसीएसके-९ या जनुकावरचा अभ्यास आला. त्यात या जनुकातल्या बदलामुळे ज्या कृष्णवर्णीय लोकांचं एलडीएल जन्मापासूनच २८ टक्के कमी होतं, त्यांच्यात हृदयरोगाचं प्रमाण पंधरा वर्षांच्या पाहणीत ८८ टक्के कमी निघालं. थोडीशी घट, पण आयुष्यभर. विशीतल्या धडधाकट माणसाला कुणी गोळी देत नाही. त्या वयात हातात असतं ते फक्त ताट.

आणि तुमचा दुसरा नंबर, रक्तदाब, तो तर सरळ स्वयंपाकघरातूनच येतो. २००१च्या डॅश-सोडियम प्रयोगात भाज्या, फळं, कमी स्निग्धांशाचं दूध यांवर भर आणि मीठ कमी, या जोडीने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा ११.५ने उतरला, नेहमीच्या जास्त मिठाच्या आहाराच्या तुलनेत. हा एका गोळीइतका परिणाम आहे.

मिठाबद्दल थोडं खोलात जाते, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. सपाट भरलेला चहाचा चमचा म्हणजे सुमारे ६ ग्रॅम, म्हणजे पूर्ण चमचासुद्धा नाही. पाकिटावर बहुतेक वेळा मीठ नाही, सोडियम छापलेलं असतं, त्याला अडीचने गुणायचं. १०० ग्रॅमला ४८० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १.२ ग्रॅम मीठ. असं २०० ग्रॅम खाल्लं की दिवसाचा जवळपास निम्मा वाटा संपला, आणि जिभेला खारट लागलेलंही नसतं. ब्रेडचं नेमकं हेच होतं.

मीठ एकदम अर्ध्यावर आणलं की आठव्या दिवशी घरातले सगळे वैतागून मिठाचा डबा टेबलावर ठेवतात. दर दोन आठवड्यांनी पावभाग कमी करा. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, पण ती होते.

समीप

केतकी, डॅशमध्येही खाणं संशोधकांनीच पुरवलं होतं हे सांगायला हवं. आणि ‘वरचा आकडा ११.५ने उतरला’ म्हणताना तो आकडा नीट मोजलेला असायला हवा. घरी बहुतेक वेळा तो चुकतो.

कसा चुकतो ते बघा. बाही दुमडून वर सारलेली, ती दंडाला काचतेय. हात मांडीवर लोंबतोय, म्हणजे पट्टा हृदयाच्या पातळीच्या खाली, त्यामुळे आकडा जास्त येतो. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तरी जास्तच येतो. पायावर पाय टाकलेला, लघवी तुंबलेली, आणि मोजताना शेजारच्याशी बोलणं चालू. हे सगळं एकत्र आलं की धडधाकट माणूसही रुग्ण ठरतो.

बरोबर पद्धत अशी: आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, दंड हृदयाच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर डॉक्टरांकडे जायचं.

उत्तरायण

मला दोघांशीही वाद घालायचा आहे. संपृक्त मेदावर (लोणी, तूप यांतली घट्ट होणारी चरबी) इतकी वर्षं जो राग काढला, त्याचं काय झालं? २०२०च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासणारा अहवाल) संपृक्त मेद कमी केल्याने मृत्यूच्या आकड्यात जवळपास फरक दिसला नाही. मिनेसोटातल्या जुन्या प्रयोगाची कागदपत्रं २०१६ साली पुन्हा तपासली, तर लोण्याऐवजी मक्याचं तेल दिलेल्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. मग लोकांना लोण्याची भीती का घालायची?

केतकी

उत्तरायण, त्याच आढाव्यात हृदय आणि रक्तवाहिन्यांचे एकत्रित आघात १७ टक्क्यांनी कमी झाले, हेही आहे. झटका न येणं ही काही लहान गोष्ट नाही. मिनेसोटाचा प्रयोग मुख्यतः मनोरुग्णालयांत झाला, बहुतेक जण त्या आहारावर फार थोडा काळ राहिले.

खरा प्रश्न ‘काय कमी केलं’ हा नाहीच, ‘त्या जागी काय आलं’ हा आहे. लोणी काढून मैदा आणि साखर वाढवली तर एलडीएल थोडं उतरेल, पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, चढेल, हाती काही लागणार नाही. लोणी काढून द्रवरूप वनस्पती तेल, सुकामेवा, मासे आले तर फायदा दिसतो. ‘लो फॅट’ छापलेली बिस्किटं खाऊन वर्षानुवर्षं लोकांची फसवणूक झाली ती इथेच. याचा मला खरोखर संताप येतो.

ट्रान्स फॅटबद्दल, म्हणजे तेल कारखान्यात घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीबद्दल, मात्र वादाला जागाच नाही. काही देशांच्या नियमांनुसार एका वाढपात अर्ध्या ग्रॅमहून कमी असेल तर पाकिटावर शून्य छापता येतं. म्हणून शून्यावर विसंबू नका, घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ शोधा. दिसलं की पाकीट परत ठेवा. डेन्मार्कने २००३ सालीच कायदा करून तेला-तुपातलं कारखान्यात तयार झालेलं ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत आणलं.

एक समाज म्हणून काय साधतं ते फिनलंडच्या नॉर्थ करेलियात दिसलं. १९७२ साली सुरुवात झाली, पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली. लोणी, मीठ आणि तंबाखू, तिन्हींवर एकदम काम. चाळीसएक वर्षांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयरोगाने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. उपचार सुधारले त्याचाही त्यात वाटा आहे, पण सुरुवातीच्या दशकांत उतरलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि सुटलेल्या सिगारेटींचा वाटा मोठा होता.

उत्तरायण

म्हणजे ‘त्या जागी काय’ हेच सांगायचं तर ते सुरुवातीलाच सांगा ना. लोकांच्या कानावर अजूनही फक्त ‘हे खाऊ नका’ एवढंच पडतं. लोण्याबद्दल माझी शंका पूर्ण गेलेली नाही, पण बदलीचा मुद्दा मान्य.

स्पंदन

व्यायामाचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. एलडीएल याने फारसं हलत नाही, पण रक्तदाब, साखर आणि पोटाचा घेर हलतो. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा.

आणि एक सूचना, ही कृपया वगळू नका. चढ चढताना छातीत दाब येतो आणि थांबलं की जातो, असं होत असेल तर आहार-व्यायामाचा धागा वाचत बसू नका, आधी तपासणी करा. बसल्या जागी दाब येऊन तो जात नसेल तर रुग्णवाहिका बोलवा.

समीप

स्पंदन, आभार, हे लिहायला हवंच होतं. केतकी, गोळीवर आहाराची भर पडते हे मला मान्य आहे. पण माझी क्रमवारी मी बदलत नाही. तंबाखूचं तर एकाच वाक्यात सांगतो: दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा धोका राहतो, त्यामुळे ‘कमी केली’ याला हृदयाच्या हिशेबात फार अर्थ नाही, पूर्ण सोडावी लागते. हे कुठलीही भाजी भरून काढत नाही.

आहार करून बघायचाच तर मुदत घालून बघा. आधी लिपिड तपासणी, मग बारा आठवडे, मग पुन्हा तपासणी. मध्ये ताप किंवा मोठं आजारपण आलं तर थांबा, त्या काळात एलडीएल खोटं उतरलेलं दिसतं.

केतकी

बारा आठवडे हे मधुमेह नसलेल्या, आधी झटका न आलेल्या, १९०च्या आतल्या माणसासाठी. बाकीच्यांना गोळी आणि आहार एकाच दिवशी सुरू करायचे, यात आपलं दुमत नाही.

त्या बारा आठवड्यांत करायचं काय, ते लिहून ठेवते. ओटमधला चिकट तंतू दिवसाला ३ ग्रॅम, म्हणजे कोरडे ओट साधारण ७५ ग्रॅम. जमत नसेल तर इसबगोल १० ग्रॅम, पण पूर्ण पेलाभर पाण्यातून आणि इतर औषधांपासून दोन तास लांब. कोरडं गिळलं तर घशात अडकतं. शिजवलेली कडधान्यं रोज एक वाटी, मूठभर बिनमिठाचा सुकामेवा, तोही दुसरं काही काढून, वरून नाही. तंतू एकदम वाढवले की पोट फुगतं आणि माणूस दहाव्या दिवशी सगळं सोडतो, म्हणून आठवड्याला पाचएक ग्रॅमच वाढवा. कॉफी न गाळता उकळून पीत असाल तर कागदी गाळणी वापरा, न गाळलेल्या कॉफीतलं कॅफेस्टॉल एलडीएल वाढवतं.

आणि पोटॅशियम घातलेलं मीठ. चीनमधल्या ६०० खेड्यांतल्या प्रयोगात, ज्याचा निकाल २०२१ साली आला, पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबासाठी पोटॅशियम वाढवणारं औषध चालू असेल तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. रक्तातलं पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात.